पहाटे तीनला टक्क जाग! : झोपेवरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात झोपेबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि मेलबॉक्स भरून वाहायला लागला. बऱ्याच मेलांवर रात्री दोन-अडीचची वेळ आहे, म्हणजे लोकं खरंच जागी आहेत. जवळपास सगळ्यांनी शेवटी एकच विचारलंय, की डॉक्टर कुठली गोळी घेऊ? तर गोळीचं नाव या पानावर मिळणार नाही, सॉरी. झोप न लागणं हे तापासारखं आहे, ताप कशाने आलाय ते बघितल्याशिवाय औषध देता येत नाही, तसंच इथेही कधी जाग येते, घोरता का, पाय कसे आहेत, चहा किती, हे सगळं विचारावं लागतं. म्हणून निवडक पत्रं घेतलीत, तुमची गोष्ट कुठल्या पत्रासारखी आहे ते बघा.

प्रश्न : वय ४६, डोंबिवली, नोकरी फोर्टला. रात्री पडल्या पडल्या झोप लागते पण तीनला टक्क जाग येते. मग मोबाईलमध्ये टाइम बघते, साडेतीन, चार, आणि साडेपाचला तर उठायचंच असतं, डबे करायचे, लोकल पकडायची. झोप भरून काढायला हल्ली नऊलाच आडवी होते आणि रविवारी दहापर्यंत लोळते. तरी काही फरक नाही, उलट वाढलंय.

उत्तर : ताई, तीनला जाग येणं हा आजार नाहीये. रात्रीची झोप एकसंध नसते, साधारण ९० मिनिटांची एकेक फेरी असते आणि रात्रीत अशा चार-पाच फेऱ्या होतात. गाढ झोप बहुतेक पहिल्या अर्ध्या रात्रीत उरकते, उत्तररात्री स्वप्नांची आणि हलकी झोप जास्त, त्यामुळे तीननंतर जरा खुट्ट झालं तरी जाग येते. तुमच्या मिस्टरांनाही येते, मुलांनाही येते, ते कूस बदलून परत झोपतात आणि सकाळी आठवतही नाही.

तुमचं बिघडतं ते जाग आल्यानंतर. टाइम बघितला की डोक्यात हिशोब सुरू होतो, आत्ता लागली तर अडीच तास मिळतील, आता दोनच, आणि एकदा हिशोबाला बसलेला मेंदू काही झोपत नाही. मोबाईल रात्री हॉलमध्ये ठेवा, गजराला साधं घड्याळ आणा आणि त्याचंही तोंड भिंतीकडे करा.

पण खरा घोळ नऊला आडवं होण्यात आहे. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते जितकं साठेल तितकी झोप ओढून येते. नऊ ते साडेपाच म्हणजे साडेआठ तास तुम्ही अंथरुणात, तुमच्या शरीराला समजा सहा-साडेसहा तासच झोप येतेय, मग उरलेले दोन तास तळमळण्यातच जाणार ना? आणि रविवारी दहाला उठलात की रात्री पुरेसं साठलेलंच नसतं, म्हणून सोमवारी डोळे चुरचुरत ऑफिस.

तर उलटं करायचं. उठायची वेळ पक्की, साडेपाच म्हणजे साडेपाच, रविवारी फार तर तास उशीर. रात्री अकराच्या आधी अंथरुणाला पाठ लावायची नाही, सोफ्यावर पेंगायचंही नाही (हा सोफा म्हणजे फार वाईट, साडेनऊच्या सिरियलसमोर वीस मिनिटांची डुलकी झाली की रात्रीच्या झोपेचं खोबरं). रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटं झाली असं वाटलं, घड्याळ न बघता, तर सरळ उठायचं, बाहेर मंद दिव्यात बसायचं, वाती वळा, लसूण सोला, जुना दिवाळी अंक चाळा, टीव्ही आणि मोबाईल सोडून काहीही. डोळे जड झाले की परत आत. अंथरूण म्हणजे झोप एवढंच शरीराच्या लक्षात राहायला हवं, सध्या तुमच्या शरीराने अंथरूण म्हणजे काळजी असं शिकून घेतलंय. दोन-तीन आठवड्यांत झोप सलग झाली की पडायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. पहिला आठवडा वाईट जातो हे आधीच सांगून ठेवते, दिवसा झोप येईल, चिडचिड होईल, त्या काळात गाडी चालवणं टाळा. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलरचा त्रास असलेल्यांनी हे मनाने करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. झोप आली नाही तर उठून बसा ही पद्धत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडली, अंथरुणातला वेळच कमी करा हे आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये, आणि या दोन्हींना धरून जी उपचारपद्धती तयार झाली तिला सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय की जुनाट निद्रानाशाला आधी हे, गोळी नंतर. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, कारण चिठ्ठीवर गोळी लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि हे सगळं समजावून सांगायला अर्धा तास.

दोन गोष्टी मात्र तपासा. घामाने चिंब होऊन जाग येत असेल तर हे पाळी जायच्या वयातले हॉट फ्लशेस असू शकतात, त्याला उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि पहाटे जाग येऊन मन अगदी उदास, कशातच रस नाही, रडू येतंय, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तो झोपेचा प्रश्न नाही, डिप्रेशन असू शकतं. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, लाजू नका.

प्रश्न : कोल्हापूरहून लिहितेय. मिस्टर ५२ वर्षांचे, घोरतात इतके की वरच्या मजल्यावर ऐकू जातं. मध्येच एकदम गप्प होतात, श्वासच बंद, मी घाबरून उठून बसते, मग एकदम हबकल्यासारखं करून परत सुरू. सकाळी डोकं जड, दुपारी दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलक्या. बीपीच्या दोन गोळ्या चालू तरी बीपी चढलेलंच. ते म्हणतात मला मस्त झोप लागते, तुलाच लागत नाही. नक्की कोणाचं बिघडलंय?

उत्तर : वहिनी, त्यांचं. आणि त्यांच्यामुळे तुमचं. जोरात घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय ही आपल्याकडची फार जुनी गैरसमजूत आहे. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हा स्लीप अ‍ॅप्निया असण्याची दाट शक्यता आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू काही सेकंद जागा होऊन श्वास ओढायला लावतो, तोच तो हबका. माणसाला यातलं काहीच आठवत नाही म्हणून तो शपथेवर सांगतो की मी छान झोपलो. दहा सेकंद किंवा जास्त असा अडथळा आला की तो मोजतात, तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर गेला तर आजार तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा, रात्रभर! मग सकाळी डोकं जड होणार नाही तर काय होणार. बीपी गोळ्यांना दाद देत नाही त्याचंही हे एक मोठं कारण आहे, कारण हृदयाला रात्रभर विश्रांतीच मिळत नाही.

आज रात्री एक करा, मोबाईलवर दोन-तीन मिनिटं त्यांचं रेकॉर्डिंग करा, तो गप्प होण्याचा भाग आला पाहिजे. उद्या त्यांनाच दाखवा (भांडण मिटेल) आणि मग डॉक्टरांना दाखवा, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या. ते स्लीप स्टडी सांगतील, अंगाला वायरी लावून रात्रभर झोपायचं असतं, आता घरी नेऊन लावायची छोटी मशीनपण मिळते. त्यांच्या गळ्याचा घेर मोजा, ४० सेंटीमीटरच्या वर असेल तर शंका अजून पक्की. पण बारीक माणसाला होत नाही असं समजू नका, जबडा लहान किंवा मागे असलेल्या सडपातळ माणसांनाही होतो.

उपचार म्हणजे सीपॅप, नाकावर मास्क आणि त्यातून हलक्या दाबाने हवा, म्हणजे घसा मिटत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हे काढलं आणि १९८१ मध्ये जगासमोर मांडलं, सुरुवातीचं मशीन म्हणे व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालायचं. आताची बरीच शांत असतात. पहिले काही दिवस मास्क नको नको होतो, बरेच जण मशीन आणून कपाटावर ठेवतात, तसं करू देऊ नका, मास्कचा साइज बदलून बघा. वजन उतरलं तर खूप फरक पडतो, कुशीवर झोपल्याने पडतो. आणि झोपेची गोळी अजिबात नको, रात्रीचा पेगही नको, दोन्हींनी घसा अजून सैल पडतो. तपासणी होईपर्यंत कोकणात जायचं झालं तर आंबा घाटात स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या, हे मी अगदी सिरियसली सांगतेय.

प्रश्न : वय ७१, लातूर. रात्री नऊला झोपतो, दोनला जाग येते, नंतर दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. दुपारी जेवून दोन तास पडतो. बरीच वर्षं झोपेसाठी अल्प्राझोलामची पाव गोळी घेतोय, आता अर्धी लागते. मुलाच्या सांगण्यावरून बंद केली तर दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

उत्तर : काका, आधी बेरीज करू. नऊ ते दोन पाच तास, दुपारचे दोन, झाले सात. पासष्टीनंतर सात-आठ तास पुरतात, म्हणजे तुमची झोप कमी नाहीये, ती फक्त भलत्या वेळेला वाटली गेलीये. वय वाढलं की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, संध्याकाळीच पेंग येते आणि पहाटे लवकर उजाडतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, तीही तीनच्या आत, खुर्चीत बसून घेतली तर आणखी चांगलं, लांबत नाही. संध्याकाळी घरात अंधारात टीव्हीसमोर बसू नका, उजेड असेपर्यंत बाहेर फिरा, पारावर गप्पा मारा, त्या उजेडाने रात्रीची झोप थोडी मागे ढकलली जाते. अंथरूण साडेदहाला.

लघवीचं नीट आठवून बघा, लघवी लागल्यामुळे जाग येते की जाग आली म्हणून जाऊन येता? बीपीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी, म्हणजे पाण्याची गोळी मिसळलेली असते, ती रात्री घेत असाल तर सकाळी घेऊ का असं डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी घोट्यावर सूज येत असेल तर दिवसभर पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे निघतं, म्हणून संध्याकाळी तासभर पाय उशीवर वर ठेवून पडा, झोपायचं मात्र नाही. शुगर आणि प्रोस्टेट तपासून घ्या. आणि वरच्या कोल्हापूरच्या पत्रातलं घोरणं तुम्हालाही आहे का ते काकूंना विचारा, कारण अ‍ॅप्नियामुळेही रात्री लघवी वाढते हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आता गोळी. मुलगा सांगतोय ते बरोबर आहे पण एकदम बंद करायची नसते. वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलाम अचानक थांबवली की झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, क्वचित फिट येते. त्या दोन रात्री तुमचा मूळचा आजार परत आला नव्हता, गोळी सुटल्याची ती प्रतिक्रिया होती, आणि इथेच लोकं फसतात, त्यांना वाटतं बघा गोळीशिवाय आपलं काही खरं नाही. डॉक्टर डोस कित्येक आठवड्यांत थोडा थोडा उतरवून देतील, तसंच करा. सोडायची मात्र नक्की, कारण या वयात तिच्यामुळे तोल जातो, रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं, विसरभोळेपणा वाढतो. ही गोळी शेड्यूल एच-१ या सरकारी औषधयादीत आहे, चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी आहे आणि दुकानदाराला रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते. तरी ओळखीवर मिळते हे मला माहीत आहे. ती ओळख वापरू नका.

प्रश्न : चाकणला कंपनीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. नाइट करून सकाळी आठला पडलं की पोरं, कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला. चार तास पण होत नाही.

उत्तर : दादा, चार तास सलग झाले तरी पदरात पाडून घ्या आणि संध्याकाळी कामाला निघण्याआधी दीड तासाची दुसरी झोप काढा, तुकड्यात चालेल. खिडकीला काळं जाड कापड, फट राहू द्यायची नाही, फॅनच्या आवाजात बाहेरचे आवाज बुडतात म्हणून तो फुल. चहा शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यातच. घरी येताना डोळ्यावर गॉगल असला तर ऊन मेंदूला ‘सकाळ झाली’ असं कमी सांगतं, पण डोळे मिटत असतील तर बाइक नको, कंपनीची बस पकडा. शिफ्ट फर्स्ट, सेकंड, नाइट अशी पुढे पुढे सरकली तर शरीराला सोपं जातं कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठं आहे, उलटी सरकणारी शिफ्ट जास्त छळते. युनियनच्या मीटिंगमध्ये पगारवाढीबरोबर हाही मुद्दा काढायला हरकत नाही.

प्रश्न : वय ३४, सातारा. दिवसभर काही नाही, पण रात्री पडलं की पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळल्यासारखं होतं. पाय हलवले की बरं वाटतं, थांबले की परत. उठून खोलीत फेऱ्या मारते. सासूबाई म्हणतात दिवसभर उभी असतेस म्हणून, पाय दाबून घे.

उत्तर : सासूबाईंचं पाय दाबायचं बरोबर आहे, त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, गरम पाण्याने शेकल्यानेही वाटतं. पण कारण थकवा नसावा. पाय हलवावेसेच वाटणं, बसल्या-पडल्या सुरू होणं, हलवलं की थांबणं आणि संध्याकाळनंतर वाढणं, या चार गोष्टी जुळल्या तर त्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. पायात गोळे येतात ते वेगळं, त्यात स्नायू कडक होऊन ठणकतो. बायकांमध्ये यामागे बऱ्याचदा लोह कमी असणं निघतं, पाळीत जास्त जात असेल तर नक्कीच बघा, आणि गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत तर हा त्रास फार दिसतो.

हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून गप्प बसू नका, फेरिटिन नावाची तपासणी करून घ्या, ते शरीरातला लोहाचा साठा दाखवतं. लॅबच्या कागदावर ३० नॉर्मल दिसेल, पण या त्रासात ७५ च्या खाली असलं तरी डॉक्टर लोह सुरू करतात. तपासणीशिवाय मात्र लोहाच्या गोळ्या घेऊ नका. जेवणावर लगेच चहा घेता का? मला वाटतं घेत असाल, सगळेच घेतात, पण चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही, किमान एक तास जाऊ द्या, आणि पालेभाजीवर लिंबू पिळा. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते त्यांनी हा त्रास भडकतो, उलटी थांबवायच्या काही गोळ्यांनीही, म्हणून डॉक्टरांना सगळी औषधं दाखवा.

आता भराभर.

पुण्याच्या एकांनी लिहिलंय की संध्याकाळी सातला अमृततुल्यचा चहा घेतो, पण त्याने मला काही होत नाही, पडल्या पडल्या झोपतो. होतं हो. कॅफीन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे रात्री बाराला अर्धा कप अजून अंगात आहे, झोप लागते पण तिची खोली कमी होते आणि सकाळी परत चहाच लागतो. दुपारी दोन-तीननंतर बंद करून आठवडाभर बघा, पहिले दोन दिवस डोकं दुखेल.

एका पेगने छान झोप लागते हेही तसंच. लागते लवकर, उत्तररात्री मोडते.

दहावीतल्या मुलाच्या आईचं पत्र आहे, रात्री एकपर्यंत जागतो, सकाळी उठत नाही, आळशी झालाय. ताई, या वयात शरीराचं घड्याळच दीड-दोन तास मागे सरकतं आणि त्याला आठ ते दहा तास झोप लागते, क्लास सकाळी साडेसहाचा असेल तर तो कुठून पुरी करणार? मोबाईल रात्री हॉलमध्ये (आईबाबांचाही), सकाळी उठल्यावर आधी गॅलरीत उन्हात उभा करा, आणि शक्य असेल तर क्लासची बॅच बदला.

जायफळ घातलेलं दूध चालेल का, असं बऱ्याच जणींनी विचारलंय. चिमूटभर उगाळून चालेल, गरम दुधाने काही बिघडत नाही. पण चिमटीने भागत नाही म्हणून चमचाभर घालू नका, जास्त जायफळ विषारी असतं, छातीत धडधडतं, भास होतात.

शेवटचं पत्र नाशिकचं, शेजारच्या मंगल कार्यालयात रात्री साडेअकरापर्यंत डीजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद हवा आणि रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सणासुदीला बारापर्यंत सूट देऊ शकतं, लग्नाच्या डीजेला ती लागू नाही. ११२ ला फोन करा आणि तक्रार नोंदवून घ्यायला सांगा. तोवर फोमचे इअरप्लग वापरा, मेडिकलमध्ये मिळतात, बोटांनी दाबून बारीक करून कानात सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे, नुसता कापूस कोंबून डीजे अडत नाही.